राखाडी गाडीतला माणूस

पिट्सबर्ग,
५ ऑक्टोबर १९८६

चि. व्हर्डेल हिस,
दादाचे अ. आ.

आज पहाटे जाग आली ती मोझेस भाजीवाल्याच्या हाळीनं. माणूस जाऊन चाळीस वर्षं झाली, घोडा तर त्याच्याही आधी गेला, पण हाळी कानात जशीच्या तशी. आधी चढावर नालांची टपटप, मग चाकांची कुरकुर, आणि मग तो लांबलचक सूर, ज्यात घेवड्यापासून टरबुजापर्यंत सगळी मंडळी एका दमात येऊन जायची. आई एप्रनला हात पुसत पायऱ्या उतरायची आणि तू तिच्याही पुढे धावायचीस. मी मात्र खिडकीतच. मला भाजी नको असायची, तो सूर हवा असायचा.

असो. आता ताज्या भाजीचं नाव काढायचं तर खालच्या कोपऱ्यावरचं बेलवूड कंपनीचं किराणा दुकान, आणि त्या बेलवूडचं लक्षण मला ठीक दिसत नाही. मटणाच्या काउंटरवरचा कसाई काढून टाकला. दोन रांगांवरचे दिवे गेले ते कोणी बदलत नाही, बायका डबे उजेडात आणून वाचतात. कॉलर्डचा पाला तर दिसेनासाच झाला. आपल्या काळ्या लोकांच्या वस्तीत दुकान चालवायचं आणि कॉलर्ड ठेवायचा नाही, हे अजाणतेपणी होत नसतं, व्हर्डेल. मॅनेजर लीलंड ओक्स हा पोरगा तसा सभ्य आहे. विचारलं की म्हणतो, काका, वरून मालच येत नाही. वरून म्हणजे कुठून, असं विचारलं की टाय नीट करायला लागतो.

त्यात आता एक नवीनच प्रकरण. दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत रोज दुपारी एक राखाडी गाडी येऊन उभी राहते. आत एक माणूस, चांगला कोट घातलेला, आपल्यातलाच, पण इथला नव्हे. सँडविच खातो आणि बघत बसतो. खरेदी काही करत नाही. गाडीला शेजारच्या ओहायो राज्याची नंबरपाटी. तुला माहीतच आहे, डोळ्यांनी दगा दिल्यापासून मी गाडी चालवत नाही, पण आपल्या जिटनी स्टँडवर फोनपाशी अजून मीच बसतो. टॅक्सीवाले ही टेकडी चढत नाहीत, तेव्हा पिशव्या घेतलेल्या बायकांना घरी पोचवतात ती आपलीच पोरं, बिनपरवान्याच्या या जिटनी गाड्यांतून. आमच्यातला एक ड्रायव्हर, क्लीओफस यान्सी, म्हणाला की हा परवाना खात्याचाच माणूस, पोरांना पकडायला बसवलेला. मी म्हटलं, अरे पण पाटी ओहायोची आहे. तर म्हणतो, मग काय पेन्सिल्व्हेनियाची लावून येईल का तो, एवढा बावळट असता तर सरकारनं ठेवला असता का त्याला? मला ते पटलं.

म्हणून मी सगळ्यांना सांगून टाकलं की तो माणूस टळेपर्यंत एकही गाडी दुकानासमोर दिसता कामा नये. सगळ्यांनी वर चर्चमागे थांबायचं.

तू लगेच बर्मिंगहॅमचा विषय काढशील. मी दिलेला शब्द माझ्या लक्षात आहे: बेलवूड उघडं आहे तोवर मी माझ्या घरात, ज्या दिवशी त्याला कुलूप लागेल त्या दिवशी तुझ्याकडे. पण कुलूप लागणार नाही. मी लक्ष ठेवून आहे.

नातवंडांना गोड पापा. आठवण काढतेस तशीच काढत राहा.
तुझा,
अलोन्झो दादा


बर्मिंगहॅम,
१६ ऑक्टोबर १९८६

ती. दादास,
व्हर्डेलचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. फोन का करत नाहीस म्हणून माझा लेक रूफस मला रागावतो, पण माझ्या कानांना तुझा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो आणि मग मी नुसती हो हो करत बसते. कागदावर तू निदान ओरडत नाहीस.

मोझेसची हाळी तुला ऐकू आली, छान झालं. मिस प्रूइटच्या वर्गात झऱ्यावरची कविता म्हणता म्हणता तूच रडायला लागलास आणि बक्षीस ओपल डिगनं नेलं, तेव्हापासून तू काही सुधारलेला नाहीस. पण एक सांग, मोझेसचा सूर पानभर लिहिलास आणि तू काय खातोस त्याबद्दल एक ओळ नाही, हे कसं? मला त्या गाडीतल्या माणसापेक्षा तुझाच संशय जास्त येतो. डब्यातलं सूप आणि बिस्किटं, बरोबर ना? खोटं लिहू नकोस. तुझं अक्षर खोटं लिहिताना उजवीकडे कलतं.

आणि चर्चमागे गाड्या नेल्यास, बरं केलंस, पण तो चढ मी विसरलेले नाही. अर्डेलिया क्रम्पनं दोन्ही हातांत पिशव्या घेऊन तो चढायचा कसा? ती माझ्याहून मोठी आहे. बटाटे आणि दुधाचे कॅन काही तुझ्या कवितेसारखे पाठ करून नेता येत नाहीत. याचं उत्तर पुढच्या पत्रात दे.

इथली मागची खोली रूफसनं रंगवून घेतली. खिडकीतून पीचचं झाड दिसतं. मी घाई करत नाही. फक्त सांगते आहे की रूफसचा ट्रक जानेवारीपर्यंत रिकामा आहे.

तब्येतीला जप. माझ्यावर चिडलास तरी चालेल, पण दूर करू नकोस.
तुझी,
व्हर्डेल


पिट्सबर्ग,
९ नोव्हेंबर १९८६

चि. व्हर्डेल हिस,
दादाचे अ. आ.

उत्तराला उशीर झाला. बातमी चांगली नाही म्हणून लेखणी हातात धरवत नव्हती.

बेलवूडच्या काचेवर कागद लागला. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी दुकान कायमचं बंद. नफा नाही, असं कंपनीचं म्हणणं. कसाई काढला, दिवे घालवले, कॉलर्ड बंद केला, आणि आता म्हणे नफा नाही. एखाद्याला उपाशी ठेवायचं आणि मग म्हणायचं की किती अशक्त आहे बघा हा!

हेही खरं की गेल्या महिन्यात दुकानात गर्दी नव्हती. अर्डेलिया एकदा चर्चच्या चढावर पडली. मोडलं काही नाही, पण अंडी सगळी रस्त्यावर. तिनं मला सगळ्यांसमोर सुनावलं की अलोन्झो पेटिफर्ड, तुझ्या पोरांना लपायचं असेल तर लपू देत, मी आता भाच्याच्या गाडीतून नदीपलीकडच्या बाजारात जाणार. गेलीही. तिच्यामागोमाग तिच्या प्रार्थना मंडळातली सगळी बायकामंडळी गेली. दुपारच्या वेळी त्या मोकळ्या जागेत फक्त कबुतरं आणि तो राखाडी गाडीवाला. मग एक दिवस तोही यायचा थांबला. पोरं खूश झाली. क्लीओफसनं सगळ्यांना बिअर पाजली, आणि कागद लागला तो त्याच आठवड्यात.

मी तेव्हाच ताडलं की तो परवान्याचा नव्हे, कंपनीचाच हेर. सरळ लीलंडला जाऊन गाठलं आणि म्हटलं, तुमचा माणूस काम संपवून गेला वाटतं. त्यानं मला मागे गोदामात नेऊन सांगितलं ते असं. माणसाचं नाव गार्लंड टिब्ज. क्लीव्हलंडला, आपल्यासारख्याच वस्त्यांमध्ये, त्याची स्वतःची तीन दुकानं आहेत. कंपनी हे दुकान विकायला काढणार हे त्याच्या कानावर गेलं होतं, आणि इथं गिऱ्हाईक किती आहे हे कोणाला न कळवता पाहायला तो आला होता. लीलंडला नोकरीवर ठेवण्याचंही बोलला होता. जाताना म्हणाला की इथं तर चिटपाखरू येत नाही, यात माझं भांडवल बुडेल.

आता बघ, ही गोष्ट किती सोयीची आहे. कंपनीनंच पढवून ठेवली असणार, म्हणजे दोष वस्तीच्या माथी. मी काही विश्वास ठेवला नाही. लीलंडचे डोळे भरून आले होते, पण डोळे तर कोणाचेही भरतात.

तुझ्या खोलीचं अजून बोलू नये ही विनंती.
काही असलं तरी माझ्या बाजूनं राहा.
तुझा,
दादा

ता. क. सूपच खातो. बिस्किटं नाही.


बर्मिंगहॅम,
१७ नोव्हेंबर १९८६

ती. दादास,
व्हर्डेलचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी आधी एकटीनं वाचलं आणि मग रूफसला मोठ्यानं वाचायला लावलं, कारण मला वाटलं माझ्याच डोक्यात काही चुकतं आहे. चुकत नव्हतं.

दादा, तू दोन्ही पत्रांत सगळं स्वतःच लिहिलं आहेस, फक्त शेजारी शेजारी ठेवून पाहिलं नाहीस. तो माणूस गिऱ्हाईक बघायला बसला. त्याला बघून तू गाड्या हलवल्यास. गाड्या हलल्या म्हणून बायका गेल्या. बायका गेल्या म्हणून त्याला कबुतरं दिसली. कंपनीनं दुकान उपाशी ठेवलं ते ठेवलंच, त्यात मी त्यांची बाजू घेत नाही. पण जेवायला वाढणारा दाराशी आला होता, आणि घरात कोणी नाही असं भासवून आपण दिवे मालवून बसलो.

तू मनानं वाईट केलं नाहीस, हे मला सांगायची गरज नाही. परक्या गाडीत कोट घातलेला माणूस बसलेला दिसला की आपण काय समजायचं, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघालं. या वेळी नाही निघालं.

तेव्हा दोनच गोष्टी. त्या टिब्जला खरं काय ते कळव. लीलंडकडे त्याचा नंबर असेल. आणि ते जमणार नसेल तर सामान बांध, रूफस ६ डिसेंबरच्या शनिवारी ट्रक घेऊन येतो आहे. तुझा शब्द आहे. मला तू इथं हवास, हे खोटं बोलणार नाही. पण हरून आलेला नको.

रागावलास तरी पत्र लिही.
तुझीच,
व्हर्डेल


पिट्सबर्ग,
३ डिसेंबर १९८६

चि. व्हर्डेल हिस,
दादाचे अ. आ.

तुझं पत्र मी खिशात घालून आठवडाभर हिंडलो. उघडून वाचायची गरज नव्हती, मिस प्रूइटच्या कवितांसारखं पाठ झालं होतं. एक शब्दही खोडता येईना.

शेवटी स्टँडवर सगळ्या पोरांना बसवून सांगितलं की दुकान आपण रिकामं केलं आणि हुकूम माझा होता. मग क्लीओफस उसळला. म्हणाला, म्हातारबा, आता त्या परक्याला फोन करून सांगणार की आम्ही बिनपरवान्याच्या गाड्या चालवतो, रोज, अमुक कोपऱ्यावर? आणि तो खरंच खात्याचाच निघाला तर? किराणावाल्याचं सोंग घेता येत नाही होय? दुसरा म्हणाला, परवाना नाही म्हणून माझी गाडी नेली तर माझ्या पोरांना तू कविता खायला घालशील का? बराच वेळ भांडण झालं. अखेर असं ठरलं की नाव फक्त माझं सांगायचं, जे व्हायचं ते माझं होईल. क्लीओफसनं हात वर केला नाही, पण फोन उचलून माझ्यापुढे त्यानंच ठेवला.

क्लीव्हलंडला टिब्ज भेटला नाही. एका बाईनं फोन घेतला, आवाजावरून वय झालेली, हिशेबनीस वगैरे असावी. मी सगळं सांगितलं, गाड्या, चर्चचा चढ, अर्डेलियाची अंडी. मी संपवल्यावर तिनं माझं पूर्ण नाव विचारलं, रस्ता विचारला, दाराचा रंग विचारला, आणि फोन ठेवून दिला. दाराचा रंग कशाला? तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही. क्लीओफसही बोलायचं टाळतो.

शनिवारी बेलवूडचे दिवे मालवले. लीलंडनं उरलेली रताळी माझ्या हातात दिली आणि कुलूप लावलं. आम्ही पाच-सहा जण बाहेर उभे होतो, कोणाचं अंत्यदर्शन घ्यावं तसे. रविवारी अर्डेलियानं रताळ्याची गोड पाई करून पाठवली, माझ्याशी न बोलता.

तेव्हा मी हरलो. हरून येऊ नकोस म्हणालीस, पण दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं येणं आता हातात नाही. पुस्तकं खोक्यात भरली. आईचा आरसा गुंडाळायचा आहे. रूफसला सांग की पायऱ्या निसरड्या आहेत, ट्रक वरच्या गल्लीतून आण, आणि

दार वाजलं. थांब. रूफस शनिवारी येणार होता ना? परवाना खात्याचीच माणसं असणार. पडद्याआडून बघतो.

व्हर्डेल, खाली रस्त्यावर राखाडी गाडी उभी आहे. तो माणूस आतच बसला आहे, मान खाली, आईनं दटावलेल्या पोरासारखी. आणि माझ्या दाराशी, सगळ्या पायऱ्या चढून, एक एवढीशी म्हातारी, डोक्यावर पुरुषी हॅट, पायांत रबरी बूट, छत्रीच्या मुठीनं दार बडवते आहे. मी उघडत नाही म्हणून आता तिथूनच ओरडते आहे, सगळी गल्ली ऐकते आहे. म्हणते, मी टिब्जची आई, तिन्ही दुकानं माझ्या नावावर आहेत, फोनवर मीच होते. माझा मुलगा रिकामी जागा बघून घरी परत येतो, मी येत नाही. तुमच्या त्या चोरट्या गाड्यांपैकी एकीत बसून मला पिशव्यांसकट ही टेकडी चढायची आहे, मग ठरवीन. पण आधी मला, म्हणते, स्वतःच्याच दुकानाची गिऱ्हाइकं पळवून लावणारा माणूस तोंडानं मूर्ख दिसतो की लबाड, ते बघायचं आहे, आणि या गावात पाहुण्याला दार उघडायची पद्धत आहे की नाही?

रूफसला म्हणावं... नको, अजून काही म्हणू नकोस. कडी काढतो.