भावजींचा हिरवा ठिपका

ती. ताईस,

पाठच्या भावाचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली असल्यामुळे आठांपैकी पाच अंगांनीच केला आहे, उरलेली तीन तब्येत सुधारल्यावर पाठवीन.) तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरताना अजून त्याला शिव्या देतेस, की समेट झाला? पत्र कागदावर का, असं विचारशील. आपल्या साइटवर लिहिलं असतं तर क्षणात पोचलं असतं. पण तिथे लिहिलेलं भावजी, म्हणजे तुझे यजमान, वाचतील अशी मला भीती वाटते. हसू नकोस. त्यांना जाऊन दुसरं वर्ष सरलं हे मलाही ठाऊक आहे. म्हणूनच तर भीती वाटते.

मूळ गोष्ट तुझ्याच जेवणाच्या टेबलावरची. भावजींनी त्यावर एक यंत्र मांडलं, तू ताट मांडीवर घेऊन जेवू लागलीस, आणि ओळखीची माणसं त्या साइटवर एकमेकांना 'काय चाललंय' विचारू लागली. तेव्हा सगळं एकाच यंत्रात होतं: माणसं, त्यांचे फोटो, त्यांची भांडणं. माणसं वाढली तसं यंत्र धापा टाकू लागलं. मग माहितीचं कोठार वेगळं केलं. कोठारासमोर रांग लागली, म्हणून त्याच्या नकला केल्या. नकला मुळाच्या किंचित मागे चालतात, त्यामुळे एका बाईनं इकडे पुसून टाकलेला नवरा (म्हणजे त्याचा फोटो) तिकडे तिच्या सासूला बराच वेळ हसताना दिसत राहिला. शेवटी त्या एका प्रोग्रॅमचे तुकडे केले, एकेका कामाला एकेक, आणि ते वेगवेगळ्या यंत्रांवर बसवले. यात माझा वाटा एवढाच, की साइट सभासदांना जी वाक्यं दाखवते, 'तुमचा निरोप पोचला', 'क्षमस्व, थोड्या वेळानं प्रयत्न करा', ती मी लिहितो. (संस्कृत शिकलेल्या मेहुण्याला दुसरीकडे कुठे चिकटवणार, असं भावजी तुझ्यादेखतच म्हणाले होते. तू तेव्हा मान डोलावलीस, तेही मी पाहिलं.)

या तुकड्यांची एक चाल सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. ते सतत शेजाऱ्याला हाक मारतात, 'आहेस का?' शेजाऱ्यानं 'आहे' म्हणायचं. ओ आली नाही तर तो मेला असं धरून त्याच्या जागी हुबेहूब दुसरा उभा करतात. शोक नाही, सुट्टी नाही. (व्याकरणातही मूळ अक्षर जातं, 'आदेश' नावाचं दुसरं त्याच्या जागी बसतं आणि मुळाचे सगळे हक्क बिनदिक्कत वापरतं. पण तिथे अंगावर काटा येत नाही.)

सगळं नवं झालं, एक सोडून: आत्ता कोण हजर आहे ते दाखवणारा हिरवा ठिपका. तो अजून भावजींच्याच यंत्रावर चालायचा. खालच्या खोलीत, खुर्च्यांच्या रिकाम्या खोक्यांमागे ते घुरघुरत असे. चालतंय तर हात कशाला लावा, म्हणून कुणी लावला नाही. गेल्या आठवड्यात आमच्या मुख्य बाई (वयानं तुझ्या लेकीएवढ्या, आवाजानं तुझ्याएवढ्या) मला तिथे घेऊन गेल्या.

"काका, वायर तुम्ही काढा."

"मी कशाला? मी वाक्यं लिहितो."

"तुमचे भावजी ना? आम्ही काढली तर बरं दिसत नाही."

काढली. घुरघुर थांबली. खोलीत अशी शांतता झाली की मला उगाचच 'येतो हं' म्हणावंसं वाटलं. वर येऊन पाहतो तर सगळ्यांचे ठिपके विझलेले. नवे अजून लागायचे होते. एकच हिरवा. भावजींचा.

बाईंनी शोधून काढलं. अगदी सुरुवातीला ठिपका चालतो का हे बघायला दुसरं माणूसच नव्हतं, म्हणून भावजींनी स्वतःला कायमचं हजर लिहून ठेवलं; आणि कुणी ओ दिली नाही तर आपल्या नावानं 'आहे' म्हणावं, अशीही सोय केली. पुढच्या प्रत्येकानं तुकडे करताना प्रोग्रॅममधली ती ओळ, कशासाठी आहे ते न कळल्यामुळे, जपून उतरवून घेतली. जुनं यंत्र स्वतः ओ देत होतं तोवर ती निजून होती. आता जागी झाली आहे. कुठलाही तुकडा मेला की त्याच्या जागी भावजी 'आहे' म्हणतात, म्हणून दुसरा उभाच राहत नाही. एका ठिकाणी ओळ खोडली की शेजारच्या नकलेतून ती परत येते. वायर पुन्हा लावून पाहिली. यंत्र उठलं नाही. परवा बाईंनी खालच्या आवाजात विचारलं, "काका, स्वभावानं कसे होते हो?" मी म्हटलं, "मागे लागल्याशिवाय पानावरून उठत नसत." "तेच ते," त्या म्हणाल्या, "उठतच नाहीयेत."

गंमत इथवरच. मेलेल्या तुकड्याकडे गेलेले निरोप तिथेच राहतात. एका आजोबांनी मुलीला 'छातीत दुखतंय, ये' असं कळवलं. साइटनं 'तुमचा निरोप पोचला' म्हटलं. वाक्य माझं. मुलीला तो मिळालाच नाही. शेजाऱ्यानं दवाखान्यात नेलं म्हणून निभावलं.

बाकी क्षेम. गुडघ्याला शेक दे, लेकीला आशीर्वाद सांग.

तुझा,
पाठचा

ता. क. खरं काम राहिलंच. गेलेल्या माणसाचं खातं बंद झालं तरच ती ओळ मरते, आणि ते फक्त अगदी जवळच्या माणसाला बंद करता येतं. नियम भावजींचा. ते बटण तुझ्या पडद्यावर आहे, दुसऱ्या कुणाच्या नाही. तू रोज संध्याकाळी चहाचा कप घेऊन त्या ठिपक्यासमोर बसतेस, हे तुझ्या लेकीनं मला सांगितलंय. म्हणून तर एवढं पाल्हाळ लावलं. पत्र मिळेल त्या संध्याकाळी नेहमीसारखी बस, चहा संपव आणि मग दाब. मी फोनवर असेन. बोलणार नाही.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवण्याआधी सहज डोकावलो. ठिपका हिरवाच आहे, पण त्याच्याखाली आता 'लिहीत आहेत…' असं आलंय. हे वाक्यही माझंच. मात्र ती सोय भावजींच्या पश्चात झाली, त्यांच्या जुन्या ओळीला तिची गंधवार्ता नाही. बाई म्हणतात, चूक असेल. असेल. तरी ताई, त्यांचं लिहून होईपर्यंत बटणाला हात लावू नकोस. निरोप तुलाच असणार. बाकी सगळ्यांसाठीची वाक्यं ते माझ्याकडून लिहून घेत.