तुर्सुनायचा भूतकाळ

५ मार्च
आजपासून इंग्रजी. इथे नारीन गावच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं, मला क्रियापदं काय जड जाणार? लेक चोलपोन कॅनडात. तिची पोर आयदाना पाच वर्षांची, आपली भाषा तिला येत नाही. रविवारी फोनवर मला बघते आणि गप्प बसते. आजी, म्हणजे माझी बायको तुर्सुनाय, दिसली की खिदळते. हे काही बरं नाही. सहा आठवड्यांत अस्खलित बोलणार.

८ मार्च
महिला दिन. तुर्सुनायला फुलं आणायला बाजारात गेलो, व्याकरणाचं पुस्तक मिळालं. फुलं राहिली. काळ तीन, प्रत्येकाचे प्रकार चार, एकूण बारा. तक्ता करून भिंतीवर लावला. नियमित क्रियापदं सोडून दिली, ती कुणालाही येतील.

१४ मार्च
'गो'चा भूतकाळ 'वेंट'. कारण दिलेलं नाही. 'कट'चा भूतकाळ परत 'कट'च. मग कापलं की कापायचंय, हे समोरच्याला कळायचं कसं? तीन दिवस झोप नीट नाही. तात्पुरता निर्णय : सगळं भूतकाळातच बोलायचं. होऊन गेलेल्या गोष्टीत वाद नसतो.

२२ मार्च
तुर्सुनायने फोनसमोर कणकेचं तळलेलं बोरसोक धरून पोरीला नुसतं "ईट" म्हटलं. दोघी पोट धरून हसल्या. हे वाक्य नाही, यात कर्ता कुठे आहे, असं मी विचारलं. म्हणाली, "अहो, पोर हसली ना? तुमच्या कर्त्याला कोण हसतंय?"
अशिक्षितपणा. दुर्लक्ष केलं.

२ एप्रिल
तुर्सुनायचं पित्ताशयाचं ऑपरेशन. छान झालं. खडे तीन, डॉक्टरांनी बाटलीत घालून दिले. चोलपोन काळजी करेल म्हणून तिला कळवलेलं नाही.

५ एप्रिल, सकाळ
आज जिंकलो. फोन आयदानाच्या हातात होता, चोलपोन आत कुठेतरी. पोरीने ग्रॅनी कुठे म्हणून विचारलं. मला कळलं! मी सलग तीन वाक्यं बोललो : ग्रॅनी वेंट. शी वॉज गुड. शी लव्हड यू. एकही चूक नाही. पोर हमसाहमशी रडायला लागली. काळजाला भिडलं असणार. तेवढ्यात फोन कट झाला. बंद करून ठेवला आणि सूप घेऊन दवाखान्यात गेलो.

५ एप्रिल, संध्याकाळ
परत आलो तर अंगण माणसांनी भरलेलं. माझी बहीण उमुत मोठ्याने शोक करत होती. चोलपोनने रडत तिला फोन केला होता म्हणे. शेजारच्या दूरोनबेकची मयताच्या जेवणासाठी मेंढी कापून झाली होती. तुर्सुनाय जिवंत आहे, आत्ताच सूप प्यायली, असं मी घसा फोडून सांगितलं. उमुतने मला मिठी मारली, "दादा, तू आधी बस जरा." पुरावा म्हणून खड्यांची बाटली दाखवली. सगळे जास्तच रडायला लागले.

६ एप्रिल
शेवटी सगळे दवाखान्यात जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघून आले. चोलपोन लागत नाही. विमानात बसली. सहा वर्षांत आली नव्हती.
तुर्सुनायला सांगावंच लागलं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मेल्याशिवाय लेक येत नाही, हे आधी कळलं असतं तर कधीच मेले असते हो." आणि घरून डोक्याला बांधायचा चांगला रुमाल आणायला सांगितला.

८ एप्रिल
तुर्सुनायला काल घरी आणलं, आज मायलेकी आल्या. बिश्केकच्या विमानतळावर दूरोनबेकने त्यांना खरं काय ते सांगितलं. तरी चोलपोन आईला बघून दारातच खाली बसली. मग माझ्याकडे वळली, "बाबा, तीन दिवस मी रडतेय." मी चूक मान्य केली : 'वेंट' नको होतं, 'हॅज गॉन' हवं होतं, पान एकाहत्तर. ती म्हणाली, "ते ऐकून तर मी तिथेच मेले असते." तुर्सुनायने मला लाकडं फोडायला पाठवलं.

१२ एप्रिल
आयदाना आपणहून माझ्याकडे आली. मांडीवर हात ठेवला आणि म्हणाली, आय गोड टू द हॉर्स. घोड्याकडे गेली होती! मला उद्देशून तिचं पहिलं वाक्य, आणि मला सगळं समजलं. डोळ्यांत पाणी आलं. लगेच सुधारलं : गोड नव्हे, वेंट. पक्कं व्हावं म्हणून पाच वेळा म्हणायला लावलं. तिसऱ्या वेळी ती उठून गेली.

१६ एप्रिल
चार दिवस पोर आजीच्या पलंगावरून उतरत नाही. तीन वाक्यं तयार केली, भविष्यकाळात. मी खोलीत गेलो की ती पांघरुणात शिरते.

१९ एप्रिल
आज गेल्या. आजीच्या गळ्यात पडून पोर किती तरी वेळ बोलली. मला "बाय" म्हणाली. शोधलं. क्रियापद नाही.
जेवताना तुर्सुनायला विचारलं, तुला एकही काळ येत नाही, मग दोघी दिवसभर बोलायचात तरी काय? म्हणाली, "मला काय कळतंय? ती बोलायची, मी ऐकायची."
पुस्तकात पाहिलं. ऐकणं म्हणजे लिसन, मी सोडून दिलेल्यांतलं. नियमित.