पेनरॉकबाईंचा शोध

१८ फेब्रुवारी १९८५, सोमवार

दहावीला पेनरॉकची गोष्ट शिकवून संपवली. गोष्टीतला गुप्तहेर, पण त्याचं नाव आता इंग्रजी शब्दकोशात जाऊन बसलंय! फळ्यावर दोन्ही अर्थ लिहिले. एक — बारीकसारीक खुणांवरून छडा लावणारा. दोन, टोमणा म्हणून — सगळ्यांना दिसतंय तेच मोठ्या थाटात सांगणारा. वापर विचारला तर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "बाई, भिजत उभ्या माणसाक कोणी सांगल्यान, पाऊस पडता म्हणान, तर त्येका म्हणूचा — व्हय रे पेनरॉका!" वर्ग हसून लोळला. पुस्तकातल्या उदाहरणापेक्षा सरस.

घरी सांगितलं तर जयराम — नवऱ्याचं नाव या वहीतच घेते, सासूबाईंसमोर नाही — मला पेनरॉकबाई म्हणू लागला. आवडलं! खोटं कशाला बोलू. गेल्या महिन्यात हेडमास्तरांची हरवलेली छत्री मीच शोधली होती.

नणंद विमला आज टायपिंगच्या क्लासहून उशिरा आली आणि लिंबाने हात घासत बसली. फितीची शाई जात नाही म्हणे. ती एवढी टापटिपीची, मी अशी गबाळी!

१९ फेब्रुवारी, मंगळवार

सासूबाईंची, अक्कांची, नथ गेली. देवखोलीतल्या ट्रंकेत असते. रविवारी साड्यांना ऊन दाखवताना त्यांनी स्वतः पाहिली होती. आज शेजारच्या यशोदाकाकूंकडे साखरपुडा म्हणून ट्रंक उघडली, तर डबी रिकामी. विमलाच्या लग्नासाठी राखून ठेवलेली नथ! अक्का रडून रडून आजारी पडायच्या बेतात आहेत.

सासरे, भाई, मला म्हणाले, "नीरजा, तू एवढा शिकलंस. बघ काय सुचता ता."

बघितलं! डबीच्या मखमलीला एक खवला चिकटलेला. माशाचा. सोमवारी आमच्या घरात मासळी येत नाही आणि देवखोलीत तर खरकटा हातही कोणी नेत नाही. काल घरात आलं कोण? मासेवाली यमुनाबाई. बाजार उरकून परत जाताना मागीलदारी टेकते, पाणी पिते. काल उन्हाची म्हणून अक्कांनीच तिला आत बसवली होती.

लागला छडा. दहा मिनिटांत!

२० फेब्रुवारी, बुधवार

यमुनाबाई पाटी घेऊन आली. मी सगळ्यांसमोर खवला तिच्यापुढे धरला आणि शाळेत सांगते तसं क्रमाने सांगितलं — सोमवार, पाणी, देवखोली. तिने खवल्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे कुठेतरी. "मी घेवक नाय गो बाये," एवढंच म्हणाली.

उद्या देवळात नारळ ठेवायचा असं भाईंनी ठरवलं.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

इथली रीतच आहे. काही चोरीला गेलं की देवापुढे नारळ ठेवायचा. ज्याच्यावर संशय असेल त्याने त्यावर हात ठेवून दोन गोष्टी बोलायच्या — मी घेतलं नाही, आणि कोणी घेतलं ते मला माहीत नाही. तिथे खोटं बोलायची कोणाची छाती होत नाही.

यमुनाबाईने हात ठेवला. "नथ मी घेवक नाय." खणखणीत! मग हात काढून घेतला. "दुसरा माका म्हणूक सांगू नकात."

मीच बोलले, "झालं तर! कळलं सगळ्यांना."

परतताना विमला मान खाली घालून सगळ्यांच्या मागे राहिली. ऊन लागलं असेल.

२३ फेब्रुवारी, शनिवार

वाडीतल्या तीन घरांनी यमुनाबाईकडून मासळी घेणं बंद केलं. आज ती आमच्या दारावरून गेली. पाटी भरलेली, हाक नाही.

जयराम म्हणाला, "काय पेनरॉकबाई, खूश मा?" कौतुकानेच म्हणाला असेल. मला झोंबलं. ती चोर असती तर दोन्ही वाक्यं ठोकून मोकळी झाली असती ना? पहिलं खोटं बोलायला जी भ्यायली नाही, ती दुसऱ्याला कशी भ्यायली? हे मला देवळात का सुचलं नाही!

२६ फेब्रुवारी, मंगळवार

विमला सकाळी मैत्रिणीकडे कुडाळला म्हणून गेली. शेवटची एसटी येऊन गेली, ती आली नाही. भाईंनी स्टँडवर दोन खेपा घातल्या.

मला काही सुचेना. उगाच शब्दकोश उघडला. पेनरॉकच्या पानावर चिठ्ठी!

"वयनी, शुक्रवारी माझं आणि लवूचं लग्न. बांद्याला, त्याच्या मावशीकडे. नथ मीच घेतली, ती घालूनच उभं राहायचं होतं. खवला माझ्या हातचा. त्या सोमवारी क्लास नव्हता, लवूच्या आईने मला मासे साफ करायला शिकवले. शुक्रवारनंतर मी स्वतः येऊन सगळ्यांना सांगेन. तोवर भाईंना कळू देऊ नको, ओढून आणतील."

लवू होडीवर जातो. त्याची आई म्हणजे यमुनाबाई.

लिंबाने हात घासत होती! मीच लिहिलंय, याच वहीत, आठ दिवसांपूर्वी. मी कसली पेनरॉक? एका बाईचं नाव मातीत घातलं मी. स्वतःची किळस येतेय.

२७ फेब्रुवारी, बुधवार

शाळा सुटल्यावर किनाऱ्यावर गेले. यमुनाबाई सुकत घातलेले मासे परतत होती. मी पाया पडायला वाकले तर मागे सरली.

"शुक्रवारपर्यंत तोंड बंद ठेय. मगे काय ते पाया पड."

"तुम्ही का नाही सांगितलंत?"

"सांगलंय असता तर तुझ्या सासऱ्यान आपल्या चेडवाक कोंडून घातल्यान असता. माझी पाटी काय, आज नाय तर उद्या खाली होतली."

मी रडले. तिने चहा विचारला. कुठल्या तोंडाने पिणार होते?

२८ फेब्रुवारी, गुरुवार

आज भाईंनी विमलासाठी नारळ ठेवला. घरातल्या प्रत्येकाने हात ठेवून म्हणायचं — ती खंय आसा ता माका म्हायत नाय. अक्कांनी म्हटलं. जयरामने म्हटलं. उद्यापर्यंत बांद्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, एवढं ठरवून गेले होते. मी हात ठेवला. आणि काढून घेतला.

भाईच बोलले, "झाला तर! कळला सगळ्यांक."