ताईच्या नावावरची चाळीस मिनिटं

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, केबल आणि बातम्यांच्या कंपनीचा संस्थापक, हे लिहून ठेवतो. फुप्फुसं गेली आहेत, डोकं ठिकाणावर आहे. कोणाचा दबाव नाही. माझ्यावर दबाव आणणारा अजून जन्मायचाय.

१. राहतं घर पत्नीला. तिच्या हयातीत ते कोणी विकायला काढलं, तर त्याला माझ्या फोटोसमोरही उभं करू नये.

२. पहिली शिडी, पक्कड आणि वायरीची उरलेली भेंडोळी म्हाताऱ्या वायरमनला. छपराछपरांवरून चढत आम्ही दोघांनीच पहिली साठ घरं जोडली. जावयाने यातलं काही मागू नये. त्याला बल्ब बदलता येत नाही.

३. कंपनीतल्या माझ्या हिश्श्यापैकी अर्धा मुलाला, अर्धा थोरल्या बहिणीला. मुलगा विचारेल, "आत्याचा काय संबंध?" म्हणून लिहितो.

आई गेल्यावर मला ताईनेच वाढवलं. आमच्या चॅनेलवरची पहिली बातमीही तिनेच वाचली. एकोणीस वर्षांपूर्वी, अंतिम सामना चालू असताना, धरणावरून तिला फोन आला: दरवाजे उघडतोय, नदीकाठच्या वस्तीला कळवा. वस्तीत घराघरांत आमचंच चॅनेल लागलेलं होतं. ती धावत आली. मी म्हणालो, "सामना संपू दे, जाहिरातदार बोंब मारतील."

"अरे, माणसं आहेत खाली!"

मी स्टुडिओचं दार लावून घेतलं. बातमी चाळीस मिनिटं उशिरा गेली. नऊ माणसं बुडाली.

चौकशीत मी सांगितलं, ताई निरोप द्यायला विसरली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो, विसरले मी." तेव्हापासून दुकानात तिच्या शेजारी कोणी उभं राहत नाही. कंपनी मात्र दुप्पट झाली. मला माझीच किळस येते.

४. माझ्या मृत्यूनंतर वरचा मजकूर आमच्याच चॅनेलवर सलग तीन दिवस वाचावा. काटछाट करू नये. मुलाने अडवलं, तर त्याचा हिस्साही ताईला.

हे लिहून घेताना माझे वकील म्हणाले, "साहेब, त्या दोन गल्ल्या सोडून राहतात. आजच जाऊन सांगा ना."

मी म्हणालो, "छाती होत नाही."

त्यांनी पुढचा कागद ओढला. मग प्रत्येक मृत्युपत्रात विचारावंच लागतं ते त्यांनी विचारलं: "त्या पंचाहत्तरच्या आहेत. तुमच्या आधी गेल्या तर?"

५. हे कलम माझ्या सांगण्यावरून कोरं ठेवलं आहे.

साक्षीदारांनी मजकूर वाचलेला नाही. मी त्यांच्यासमोर सही केली, एवढंच त्यांनी पाहिलं.

लिहून ठेवणार: (सही)
साक्षीदार: १. घरचे डॉक्टर (सही)
२. शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक (सही)
ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: ३ मार्च