पाठमोरा पुतळा

४ मार्च

शिल्पकाराचा फोन. चौकात पुतळा बसवायचाय, आमच्या पलटणीतल्या रेडिओवाल्याचा! ‘युद्धातला तो शेवटचा फोटो तुम्हीच काढलाय ना? थोडी माहिती हवी होती.’ ‘या की,’ म्हणालो आणि फोन ठेवून तसाच बसून राहिलो. पासपोर्टच्या फोटोसाठी आलेल्या बाईंनी दोनदा विचारलं, ‘अहो, हसू की नको?’ नको म्हटलं. पासपोर्टला हसायचं नसतं.

५ मार्च

जेवण का जात नाही, म्हणून ही मागे लागलीय. पित्त, म्हणालो. बावीस वर्षं पित्तच सांगतोय.

७ मार्च

शिल्पकार येऊन गेला. दाढीवाला, बडबड्या. फोटो चांगला दारभर मोठा करून आणलेला – चढावर पाठमोरा जवान, पुढे धूर, डावा खांदा खाली गेलेला. ‘काय पाठ आहे हो! चेहरा नाही, तरी माणूस दिसतो.’ मग खांद्यावर बोट ठेवलं. ‘रेडिओ कुठाय? आणि हा पट्टा कसला?’

मी ठोकून दिलं, ‘रेडिओ उतरवून ठेवला असेल. पट्टा सामानाचा.’

कॅमेऱ्याच्या पिशवीचा पट्टा आहे तो. माझ्या पिशवीचा. ती पाठ माझी आहे!

लिहिलं एकदाचं. आजवर कागदालासुद्धा सांगितलं नव्हतं.

८ मार्च

तोंड उघडलंच आहे तर सगळंच लिहितो.

त्या सकाळी रेडिओवाला हात धुऊन मागे लागला. ‘सगळ्या पलटणीचे फोटो काढतोस, तुझा एक तरी आहे का? आण तो कॅमेरा.’ मी म्हटलं, पाठीमागून काढ बाबा, माझ्या थोबाडाने काच तडकायची. काढला त्याने. एकच. दुपारी तोफगोळा पडला आणि तो गेला.

प्रत्येक रोलबरोबर चिठ्ठी जायची. फोटोचा नंबर, जागा, वेळ, नाव. संध्याकाळी ती लिहायला बसलो. एकतीस नंबरपुढे त्याचं नाव लिहिलं, कारण तो फोटो त्याने काढला होता. पण त्या रकान्यात फोटोतल्या माणसाचं नाव लिहायचं असतं. फोटो काढणारा कायम मीच, म्हणून काढणाऱ्याला रकानाच नव्हता! लॅबवाल्यांनी चिठ्ठी बघून खाली नाव छापलं आणि शेवटचा फोटो म्हणून त्याच्या घरी पाठवून दिला.

महिन्याभराने चूक सांगायला मी स्वतः गेलो. वहिनींनी दारातच सांगितलं, ‘भाऊजी, पाठमोरे आहेत तरी मी लगेच ओळखलं. यांचा खांदा असाच पडतो.’ दोन वर्षांची पोर फोटोकडे बघून बाबा बाबा करत होती. मी चहा प्यायलो आणि परत आलो. तेव्हापासून दर वर्षी जातो, चहा पितो, परत येतो.

१४ मार्च

हसावं की रडावं! शिल्पकार म्हणाला, ‘बांधा अगदी तसाच आहे तुमचा. जरा उभे राहता का, काका?’ नाही म्हणायला कारण सुचेना. दोन तास त्याच्याकडे पाठ करून भिंतीवरची ओल बघत उभा. लढाईपासून मला मागे कुणी उभं राहिलेलं चालत नाही – आणि इथे मागे माती थापटल्याचे आवाज. मान वळवली की लगेच, ‘हलू नका हं!’ जन्मभर लोकांना हेच सांगून पोट भरलं.

१५ मार्च

पाठ धरलीय. पुन्हा बोलावलंय.

१९ मार्च

शिल्पकाराकडे वहिनी आल्या होत्या. मी भिंतीकडे तोंड करून उभा. मागून आवाज आला, ‘हेच. अगदी हेच.’ वळलो, तर त्या मातीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या. ‘आता भाजी आणायला जाताना तरी भेटतील रोज,’ मला म्हणाल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं. चोर आहे मी. मेलेल्या मित्राची जागा बळकावून बसलेला चोर.

२० मार्च

हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, ‘त्या पाठीला मलम मी चोळते. मला नाही कळणार? तुम्ही कधी बोलताय याची वाट बघत होते.’ मग म्हणाली, ‘पंचवीसला ओतायचाय ना पुतळा? त्याच्या आत वहिनींना सांगा. नंतर सांगून काय उपयोग?’

२२ मार्च

गेलो. चहा प्यायलो. परत आलो.

२४ मार्च

सांगितलं. कप हातात घ्यायच्या आधीच सांगून टाकलं – चिठ्ठी, रकाना, पट्टा, सगळं.

वहिनींनी उठून फोटो भिंतीवरून काढला आणि टेबलावर पालथा ठेवला. ‘पोरीच्या परीक्षा, माझं आजारपण, सगळं याला सांगत आले मी. बावीस वर्षं तुमच्या पाठीशी बोलत होते?’

‘जा तुम्ही,’ म्हणाल्या. पोरीने दार उघडलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. मोकळं वाटेल असं वाटलं होतं. कसलं मोकळं!

२५ मार्च

ओतकाम थांबवायला लावलं. शिल्पकार फोनवर वाट्टेल ते बोलला. ऐकून घेतलं.

२८ मार्च

स्टुडिओ बंद. ही बळेच दोन घास खायला लावते. दाराची घंटा वाजली की हिलाच पाठवतो.

३१ मार्च

वहिनींचा फोन. नमस्कार नाही, काही नाही. ‘भाऊजी, तेव्हा कॅमेरा यांच्या डोळ्याला होता?’

हो, म्हटलं.

‘म्हणजे यांना जे दिसलं, तेच मी इतकी वर्षं बघतेय.’ मग म्हणाल्या, ‘फोटो परत लावलाय. खालचं नाव तेच ठेवलंय.’