पिवळीचं इंजिन

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. दोन्ही गाड्या नीट तपासून कुठली ठेवायची ते कळव, उगाच भावनेच्या भरात लिहू नकोस, असं बजावलंयस. मोठा आलायस शहाणा! शेडची अर्धी जागा मालकाला परत द्यायची, रविवारी गिऱ्हाईक येणार, आणि काळी विकायची की पिवळी हे तुझ्या ताईनं एका पत्रात ठरवायचं. बाबांना विचारलं तर म्हणतात, दोन्ही माझ्याच, आणि उठून जातात. सकाळपासून कितीदा लिहायला बसले. दोन ओळी होतात न होतात तोच उठते, शेडमध्ये डोकावते, बाबा काय करतायत ते बघते आणि परत येते.

तर ऐक. दोघी जर्मन, दोघी म्हाताऱ्या, पण स्वभाव जावा-जावांचे. काळी डिझेलवरची, चार दारांची, अंगानं जड. चावी अर्धी फिरवून थांबायचं, दिवा विझला की मगच सुरू करायचं. घाई केली की रुसलीच. चढावर तिच्यामागे सायकलवालेसुद्धा कंटाळतात. पण एकदा मोठ्या रस्त्याला लागली की दिवसभर एका लयीत पळते, मागे बसणाऱ्याच्या पोटातलं पाणी हलत नाही. देखभाल मात्र हत्ती पोसल्यासारखी. रेडिएटर, पाण्याच्या नळ्या, रबरं, खालचा गंज, एक निस्तरावं तर दुसरं डोकं वर काढतं. गॅरेज माझ्या हाती आल्यापासून माझा निम्मा जीव हिनंच खाल्लाय.

पिवळी म्हणजे तुझी लाडकी. रिकामा डबा बडवल्यासारखा आवाज, आणि आडवं वारं सुटलं की जीव मुठीत धरून चालवायची. पण चढावर तुरुतुरु जाते, आणि कितीही दिवस उभी असो, पहिल्या झटक्यात सुरू. हवेवरच थंड होते, रेडिएटरच नाही, त्यामुळे पाणी घालायची भानगड नाही. वेळच्या वेळी तेल बदललं, व्हॉल्व्ह जुळवले, की बाईसाहेब खूश. इंजिन मागे, पुढच्या झाकणाखाली नुसती स्टेपनी. आठवतं ना, नवीन गिऱ्हाईक आलं की बाबा ते झाकण उघडून कपाळाला हात लावायचे, अहो, इंजिन कुणी पळवलं म्हणून! गिऱ्हाईक घाबरायचं आणि आपण दोघं टायरांच्या ढिगामागे पोट धरून हसायचो. आईसुद्धा हसायची, इतक्यांदा बघूनही.

तेव्हा मेकॅनिक म्हणून विचारशील तर पिवळीच ठेवावी, यात वादच नाही. आणि तरी सांगते, पिवळी विकूया. लगेच भांडायला उठू नकोस, पुढचं वाच.

परवा बाबा पाण्याचा डबा घेऊन पिवळीकडे गेले. पुढचं झाकण उघडलं, स्टेपनीकडे बघत राहिले, आणि मला हाक मारून म्हणाले, इंजिन कुणी नेलं गं? मला वाटलं, किती वर्षांनी म्हातारा रंगात आलाय! मी खदखदून हसले. ते हसले नाहीत. डबा तिरका होऊन पाणी त्यांच्या बुटांवर सांडत होतं आणि त्यांना पत्ताच नव्हता. इतके घाबरलेले बाबा मी कधी पाहिले नव्हते रे. थोड्या वेळानं पुन्हा पहिल्यासारखे झाले, काळीचं बॉनेट उघडून माझ्या कामातल्या चुका काढत बसले.

काळीत त्यांचा हात अजून चुकत नाही. तिथे इंजिन झाकण उघडलं की समोरच असतं. तेवढं तरी त्यांच्यापाशी राहू दे. त्यांना डॉक्टरकडे न्यायचंय, पण एकटीनं न्यायचा मला धीर होत नाही. गाड्यांचं तू विचारलंस म्हणून लिहिलं, खरं तर तुला बोलवायला बसले होते. रविवारच्या आधी ये, पिवळी शेडमध्ये आहे तोवर. आणि बाबांनी तुलाही तेच विचारलं, तर माझ्यासारखा हसू नकोस. त्यांचा हात धर आणि गाडीच्या मागच्या बाजूला घेऊन जा.

वाट बघणारी, तुझीच
ताई