सरत्या वर्षाचं मृत्युपत्र

२६ डिसेंबर
सही केली नाही. अजून!

एव्हेलिओसाहेबांनी हिशेबतपासणीचा दाखला पुन्हा माझ्या टेबलावर ठेवला. शेतकऱ्यांच्या कॉफी संस्थेच्या गोदामात एकोणीसशे पोती 'प्रत्यक्ष मोजली', असं त्यात छापलंय. मोजली मीच होती – चारशे बारा! बाकीची कुठे गेली ते साहेबांना आणि संस्थेच्या व्यवस्थापकाला ठाऊक. "सारुमासारख्या गावात हिशेबनीस जरा कल्पक लागतो, नोर्मा." एकतीसपर्यंत सही, नाहीतर दुसरी नोकरी शोध – हेही हसत हसत.

आईला काही सांगितलं नाही.

२७ डिसेंबर
सही नाही.

२८ डिसेंबर
ऑफिसात सरत्या वर्षाच्या पुतळ्याची गडबड. भुसा, साहेबांची जुनी विजार, कागदी मुखवटा. एरवी वर्षभर आमच्याकडे कुणी रेघ वाकडी मारत नाही, पण सरतं वर्ष जाळायचं म्हटलं की सगळ्यांच्या अंगात येतं! त्याचं मृत्युपत्र लिहिणं माझ्याकडे, सलग बारावं वर्ष. मरताना ते कुणाला काय ठेवून जातं, सगळं यमकात. कुणाचीही टोपी उडवा, रागवायचं नाही – रिवाजच आहे.

साहेब म्हणाले, "यंदा कुणाला सोडू नकोस. मलासुद्धा!"

बरं.

३० डिसेंबर
लिहिलं.

'सभासदांनो, तुम्हांला देतो पोती एकोणीसशे;
सापडली तर मलाही सांगा, मला दिसली चारशे!'

३१ डिसेंबर
संध्याकाळी ऑफिसच्या पायरीवर वाचलं. ऑफिसातला आमचा विल्मर काळा झगा घालून, रिवाजाप्रमाणे सरत्या वर्षाची विधवा झालेला, छाती बडवत होता. समोर साठेक माणसं, निम्मी संस्थेची. त्या ओळीला माझा आवाज चिरकला. मग – हशा! साहेब सगळ्यांत मोठ्यांदा. "पुन्हा वाच, पुन्हा!" वाचलं. पुन्हा हसले. संस्थेच्या सोइलाआजीनं तर मला मिठीच मारली.

लोक पांगल्यावर साहेब जवळ आले. "झकास! आता खरं कुणी सांगितलं तरी लोक हसतीलच. दोन तारखेला सकाळी सही कर."

मूर्ख मी! त्यांचं काम मीच सोपं करून दिलं.

१ जानेवारी
आईनं कच्ची केळी, अंडी नि चीज कुस्करून तिग्रियो केला होता. तसाच झाकून ठेवला. सरळ सांगायची हिंमत नव्हती म्हणून यमकं जुळवली. भित्री आहे मी, दुसरं काही नाही.

२ जानेवारी
सोइलाआजी आली. एकटीच. साहेबांच्या देखत मला म्हणाली, "घरी पोचेस्तोवर हसत होते गं पोरी. मग हसूच येईना. माझी तीस पोती आहेत त्यात. आहेत ना?"

साहेबांनी पेन माझ्यापुढे धरलं.

"नाहीत, आजी."

कुणी हसलं नाही.